कळ कोणाच्या हाती? अण्वस्त्रे, सत्ताधीश आणि कृष्णविनोद

अण्वस्त्रयुद्धावर विनोद करावा की करू नये, हा वाद आता शिळा झाला आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत असा विनोद मुबलक झाला असल्याने तो कोणावर झाला आणि त्याच्या तावडीतून कोण सुटले, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. मृत्यू, संहार, महामारी यांसारख्या ज्या विषयांपाशी सभ्य माणूस आवाज उतरवतो, त्यांनाच मुद्दाम हसण्याचा विषय करणाऱ्या विनोदाला मराठीत कृष्णविनोद किंवा काळा विनोद म्हणतात. भारतीय साहित्यशास्त्राला हा प्रकार अडचणीचा वाटला असता, कारण विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हास्याचे भयानक आणि करुण या दोन्ही रसांशी वैर सांगितले आहे. तथापि त्याच परंपरेत अभिनवगुप्ताने एक वाट मोकळी ठेवलेली दिसते. शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य उपजते, हे भरताचे म्हणणे पुढे नेऊन तो सांगतो, की कोणत्याही रसाचा आभास, म्हणजे तो रस अस्थानी किंवा अनुचित रीतीने प्रकट होणे, हास्याला कारण होऊ शकतो. अण्वस्त्रांच्या बाबतीत असा आभासरूप झालेला रस म्हणजे वीर होय: भाषा रणांगणाची, पण प्रत्यक्ष कृती जमिनीखालच्या बंद खोलीत खुर्चीला पट्ट्याने बांधून घेऊन किल्ली फिरवण्याची, आणि शत्रू एवढ्या अंतरावर, की तो मेला हे किल्ली फिरवणाऱ्याला स्वतःच्या मरणापूर्वी कळेलच याची शाश्वती नाही.

या विनोदाचे दोन प्रवाह वेगळे काढता येतात. एकाचे लक्ष्य सत्तेवरचा माणूस आहे, म्हणजे अहंमन्य, उतावळा, तोंडाळ आणि रागाच्या भरात कळ दाबून मोकळा होईल असा पुढारी. दुसऱ्याचे लक्ष्य आहे ती कार्यपद्धती, जिच्यात शिकलेली, कर्तव्यदक्ष आणि बहुतांशी सज्जन माणसे आपापले काम चोख करीत असतात आणि त्या चोख कामांची बेरीज मात्र जगबुडी होते. पहिला प्रवाह व्यंगचित्राला आणि दूरचित्रवाणीला सोयीचा असल्याने फोफावला. दुसरा दुर्मीळ राहिला, कारण कार्यपद्धतीला नाक-डोळे नसतात आणि अर्कचित्र काढायचे तर निदान नाक तरी लागते. असे असूनही धोक्याच्या खऱ्या स्वरूपाशी दुसऱ्या प्रवाहाचे नाते अधिक जवळचे आहे. पहिल्याने मात्र, त्याची धार कितीही तीक्ष्ण असली तरी, प्रेक्षकाला नकळत एक दिलासा दिला आहे, तो असा, की माणूस बदलला की संकट टळले.

दुसऱ्या प्रवाहाचा मूळ ग्रंथ म्हणावा असा चित्रपट म्हणजे स्टॅन्ली कुब्रिकचा, जानेवारी १९६४ मध्ये प्रदर्शित झालेला 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'. त्याचा आधार असलेली कादंबरी अजिबात विनोदी नाही. ब्रिटिश हवाई दलात काम केलेल्या पीटर जॉर्ज यांनी १९५८ मध्ये टोपणनावाने लिहिलेली ती एक गंभीर रहस्यकथा असून अमेरिकेत ती 'रेड अ‍ॅलर्ट' या नावाने निघाली. व्यूहनीतीचे अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६० मध्ये एका लेखात तिची दखल घेतली. पुढे कुब्रिक त्यांना भेटला, आणि पटकथा लिहिताना त्याला अशी अडचण आली, की प्रसंग जितका वास्तवाला धरून लिहावा तितका तो हास्यास्पद होई आणि गांभीर्य टिकवायचे तर खरे तेच गाळावे लागे. तेव्हा त्याने टेरी सदर्न या उपहासकाराला हाताशी घेऊन आख्खी कथाच प्रहसनाच्या अंगाने वळवली. थोडक्यात, येथे विनोद वरून शिंपडलेला नाही, तो विषयातून पाझरला आहे, आणि हीच या चित्रपटाची खरी ताकद आहे.

कथानकाचा खिळा एका प्रशासकीय तरतुदीत आहे. शत्रूच्या पहिल्या हल्ल्यात राजधानी आणि राष्ट्राध्यक्ष नष्ट झाले तर प्रतिहल्ला होणारच नाही, ही भीती घालवण्यासाठी खालच्या सेनाधिकाऱ्याला स्वतंत्रपणे हल्ल्याचा आदेश देता येईल, अशी एक आणीबाणीची योजना आखून ठेवलेली असते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणे हा साम्यवाद्यांचा कट आहे, अशा भ्रमाने पछाडलेला जनरल रिपर तिचा वापर करतो. वेडा तो एकटाच. बाकी सगळे नियमाने चालतात: विमानातले कर्मचारी संकेत पडताळून पाहतात, मेजर काँग आपल्या माणसांना आपत्कालीन पिशवीतल्या वस्तूंची यादी वाचून दाखवतो आणि त्या यादीत पिस्तूल, रुबल आणि औषधांबरोबर लिपस्टिक व नायलॉनचे पायमोजेही निघतात. युद्धकक्षात जनरल टर्जिडसन राष्ट्राध्यक्षांना समजावतो, की एका चुकीवरून आख्ख्या योजनेला नावे ठेवणे बरे नव्हे. विमाने परत बोलावण्याचा सांकेतिक शब्द हाती आलेला ब्रिटिश अधिकारी मँड्रेक सार्वजनिक टेलिफोनपाशी उभा आहे, खिशात पुरेशी चिल्लर नाही, आणि शेजारच्या कोका-कोलाच्या यंत्रावर गोळी झाडून नाणी काढायला सांगितले, तर समोरचा कर्नल बिचकतो. ते खासगी कंपनीच्या मालकीचे यंत्र आहे, त्याचा जाब तुम्हाला त्या कंपनीला द्यावा लागेल, असे तो बजावतो आणि मगच गोळी झाडतो. जग बुडायला आलेले असताना मालमत्तेच्या हक्काची एवढी बूज राखणाऱ्या या कर्नलला वेडा म्हणता येत नाही, आणि प्रसंगाची सगळी मेख तेथेच आहे.

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर एक निवेदन येते: दाखवलेल्या घटना प्रत्यक्षात घडू नयेत यासाठी अमेरिकी हवाई दलाकडे पुरेशी व्यवस्था आहे. त्या काळी हे निवेदन धीर देणारे वाटले असेल. आज ते चित्रपटातल्या विनोदांपैकीच एक वाटते, कारण पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून स्पष्ट झाले, की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काही ज्येष्ठ सेनापतींना संपर्क तुटल्यास अण्वस्त्रे वापरण्याचे अधिकार आगाऊ देऊन ठेवले होते. अण्वस्त्रांच्या नियोजनाचे काम केलेले डॅनियल एल्सबर्ग एका सहकाऱ्याबरोबर १९६४ मध्ये हा चित्रपट पाहून बाहेर पडले, तेव्हा आपण माहितीपट पाहिला असे दोघांचे मत पडले, आणि २०१७ मध्ये लिहिलेल्या 'द डूम्सडे मशीन' या पुस्तकात त्यांनी ते नोंदवले. अनधिकृत माणसाला बॉम्ब सज्ज करता येऊ नये म्हणून त्याला सांकेतिक कुलूप बसवण्याची पद्धत अमेरिकेत १९६२ पासून, तीही युरोपातील शस्त्रांपासून, सुरू झाली. ब्रिटनमध्ये तर १९९८ पर्यंत सेवेत असलेला 'डब्ल्यूई १७७' हा अणुबॉम्ब सायकलच्या कुलपाला लावतात तसल्या नळीदार किल्लीने सज्ज करता येई, कारण सैन्याधिकाऱ्यांच्या सचोटीवर अविश्वास दाखवणे तेथे शिष्टाचाराला धरून मानले गेले नाही. सदर्नने हा तपशील पटकथेत घातला असता, तर निर्मात्याने तो अतिरंजित म्हणून कापला असता.

चित्रपटातील 'प्रलययंत्रा'ची गोष्ट याहून बोलकी आहे. 'रँड' या संशोधनसंस्थेतले हर्मन कान यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात हे यंत्र विचारप्रयोग म्हणून मांडले होते: शत्रूने हल्ला केल्याचे कळताच ते माणसाला न विचारता सारी पृथ्वी नष्ट करील आणि म्हणून कोणीही हल्ल्याचे धाडस करणार नाही. कान यांचा हेतू असे यंत्र का बांधू नये हे दाखवण्याचा होता. कुब्रिकने ते सोव्हिएत संघाला बांधायला लावले आणि वर अशी मेख मारली, की पंतप्रधानांना लोकांना चकित करायची हौस असल्यामुळे त्याची घोषणा सोमवारपर्यंत लांबवली आहे. धाक म्हणून बांधलेली वस्तू गुप्त ठेवली तर तिचा धाक कोणाला वाटणार, हा चित्रपटातल्या स्ट्रेंजलव्ह या शास्त्रज्ञाचा सवाल प्रेक्षकांना हसवून गेला. सुमारे वीस वर्षांनी, १९८५ च्या सुमारास, सोव्हिएत संघाने 'पेरिमीटर' ही यंत्रणा खरोखर कार्यान्वित केली. नेतृत्व नष्ट झाल्याची चिन्हे मिळाल्यास जमिनीखालील मोजक्या अधिकाऱ्यांमार्फत प्रतिहल्ल्याचा आदेश आपोआप पुढे जाण्याची तिच्यात सोय होती आणि ती गुप्तच ठेवली गेली. पाश्चात्त्य वाचकांना तिची वार्ता लागली ती १९९३ मध्ये, म्हणजे जिच्या बचावासाठी ती बांधली ती राज्यव्यवस्थाच संपल्यावर.

परस्परांचा संपूर्ण विनाश निश्चित असल्यामुळे कोणीच आरंभ करणार नाही, या सिद्धान्ताला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मॅड', म्हणजे वेडा, असे म्हणतात, आणि हे नाव एखाद्या व्यंगचित्रकाराने ठेवले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात डोनाल्ड ब्रेनन या व्यूहनीतितज्ज्ञाने या विचाराची टर उडवण्यासाठी ते घडवले, आणि काही काळातच समर्थकांनीही ते निमूटपणे पारिभाषिक शब्द म्हणून स्वीकारले. उपहासाचा शब्द सरकारी टिपणात निर्विकारपणे वापरला जाऊ लागला, की उपहासकाराच्या हाती फारसे काही उरत नाही.

वास्तवाने उपहासावर केलेली ही कुरघोडी अपघातांच्या नोंदींत विशेष दिसते. ऑक्टोबर १९६० मध्ये ग्रीनलंडमधील थुले येथील नव्या रडारने सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा लोंढा येत असल्याचा इशारा दिला. तो लोंढा म्हणजे क्षितिजावर उगवणारा चंद्र होता. क्यूबाच्या पेचप्रसंगात २५ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री डुलुथ येथील लष्करी तळाच्या कुंपणावर कोणी चढत असल्याचे पाहून पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि घुसखोरीचा भोंगा वाजला; विस्कॉन्सिनमधील एका तळावर जोडणीच्या चुकीमुळे तोच भोंगा युद्धाचा म्हणून वाजला आणि अण्वस्त्रसज्ज विमाने धावपट्टीकडे निघाली, तेव्हा दिवे चमकवत आलेल्या एका मोटारीने त्यांना थोपवले. कुंपणावर अस्वल चढले होते. नोव्हेंबर १९७९ मध्ये सरावाची संगणकफीत चुकून खऱ्या यंत्रणेत लावली गेली, आणि जून १९८० मध्ये ४६ सेंट किमतीच्या एका चिपने क्षेपणास्त्रांची संख्या मनाला येईल तशी दाखवली. २६ सप्टेंबर १९८३ रोजी मॉस्कोजवळच्या एका केंद्रात उपग्रहाने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रे निघाल्याचे कळवले असताना लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तर्क लढवला, की युद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रे सोडणार नाही, आणि इशारा खोटा असल्याचा निर्वाळा वर दिला. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला चकवले होते. नंतरच्या चौकशीत पेत्रोव यांना ठपका मिळाला तो मात्र त्या धांदलीत नोंदवही वेळच्या वेळी भरली नाही म्हणून.

या नोंदवहीत दुसऱ्या प्रवाहाचे सगळे मर्म साठवलेले आहे. पेत्रोव यांनी त्या रात्री कार्यपद्धती मोडली नसती तर नोंदवही बिनचूक भरली गेली असती. ती वाचायला कोण उरले असते, हा प्रश्न मात्र वेगळा.

ब्रिटनमध्ये या प्रवाहाचे एक घरगुती, म्हणून अधिक जिव्हारी लागणारे रूप आढळते. १९८० मध्ये तेथील सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका काढून नागरिकांना सल्ला दिला, की घरातले दरवाजे बिजागरीतून काढून भिंतीला तिरके टेकवावेत, वर उशा-गाद्या व मातीच्या पिशव्या रचाव्यात आणि त्या आडोशात चौदा दिवस काढावेत. रेमंड ब्रिग्ज या चित्रकाराने १९८२ मध्ये 'व्हेन द विंड ब्लोज' या चित्रकथेत एक निवृत्त, भाबडे जोडपे रेखाटले. जिम सरकारी सूचना अक्षरशः पाळतो आणि हिल्डाला काळजी आहे ती रंग खरवडला जाईल, गाद्या खराब होतील याची. दोघेही सरकारवर आणि दुसऱ्या महायुद्धातल्या आठवणींवर विश्वास ठेवून, एकमेकांना धीर देत, किरणोत्साराने हळूहळू मरतात. येथे एकही पुढारी दिसत नाही, कोणी कळ दाबताना दाखवलेले नाही, आणि तरीही सरकारवर इतका कठोर प्रहार त्या दशकात क्वचितच कोणी केला असेल. त्याआधी पीटर वॉटकिन्सचा 'द वॉर गेम' हा विनोदाचा लवलेश नसलेला चित्रपट बीबीसीने १९६५ मध्ये स्वतःच तयार करवून घेऊन स्वतःच दाबून ठेवला आणि तब्बल वीस वर्षांनी प्रक्षेपित केला, हेही येथे नोंदवायला हवे. 'येस, प्राइम मिनिस्टर' या मालिकेच्या १९८६ मधील पहिल्याच भागात सल्लागार पंतप्रधानांना विचारतो, की शत्रू एकेक काप घेत पुढे सरकला तर नेमक्या कोणत्या कापाला आपण कळ दाबाल, आणि पंतप्रधानांना उत्तर सापडत नाही. तो प्रसंग हसवत असला तरी त्यातला प्रश्न खऱ्या व्यूहनीतीच्या अभ्यासक्रमातला आहे.

पहिल्या प्रवाहाकडे वळताना आधी हे लक्षात घ्यावे लागते, की वेडा पुढारी ही प्रतिमा केवळ उपहासकारांची निर्मिती नाही, पुढाऱ्यांनीही ती हेतुपुरस्सर वापरली आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सहकारी एच. आर. हाल्डेमन यांनी आपल्या आठवणींत सांगितल्याप्रमाणे, निक्सन काय करतील याचा नेम नाही आणि अण्वस्त्रे त्यांच्या हाताशी आहेत, असा समज व्हिएतनाममधील शत्रूच्या मनात रुजवावा अशी कल्पना स्वतः निक्सन यांचीच होती, आणि तिला त्यांनी 'वेड्या माणसाचा सिद्धान्त' म्हटले होते. त्यानुसार ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकी दलांना गुपचूप सज्जतेचा आदेश देण्यात आला आणि अण्वस्त्रे घेतलेली बी-५२ विमाने आर्क्टिक प्रदेशावर घिरट्या घालू लागली. अपेक्षित परिणाम मात्र झाला नाही. जिथे वेडाचे सोंग हेच धोरण आहे, तेथे वेडाचे चित्र काढणारा उपहासकार त्या धोरणाचा बिनपगारी प्रचारकच ठरतो.

रोनाल्ड रेगन यांनी ११ ऑगस्ट १९८४ रोजी नभोवाणी भाषणापूर्वी ध्वनिक्षेपकाची चाचणी घेताना, रशियाला बेकायदा ठरवणारा कायदा केला असून पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू होणार आहे, अशी थट्टा केली आणि ती बाहेर फुटली. त्यानंतर बाहुल्यांच्या खेळांत आणि गाण्यांच्या चित्रफितींत रेगन यांची उशाशी कळ असलेली प्रतिमा ठरूनच गेली. 'जेनेसिस' या वाद्यवृंदाच्या १९८६ मधील चित्रफितीत झोपेतून उठलेली त्यांची बाहुली परिचारिकेला बोलावण्याऐवजी शेजारचीच अण्वस्त्राची कळ दाबते. विनोद चांगला आहे, पण तो ज्या वस्तूवर उभा आहे ती वस्तू अस्तित्वातच नाही. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाजवळ कळ नसते. त्याच्याबरोबर एक अधिकारी 'फुटबॉल' या टोपणनावाची काळी बॅग घेऊन चालतो. तिच्यात हल्ल्याचे आधीच आखलेले पर्याय असतात, आणि ती सांभाळलेल्या एका अधिकाऱ्याने त्या पर्यायांची तुलना हॉटेलातल्या नाश्त्याच्या मेनूकार्डाशी केली आहे. राष्ट्राध्यक्षाची ओळख पटवणारे संकेत असलेले पत्र, ज्याला 'बिस्किट' म्हणतात, त्याच्या खिशात असते. बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत हे पत्र काही महिने हरवले होते, असे सेनाप्रमुखांच्या संयुक्त मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष ह्यू शेल्टन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. कळीप्रमाणेच दोन नेत्यांमधला लाल टेलिफोनही काल्पनिकच आहे: वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात ३० ऑगस्ट १९६३ रोजी जी थेट जोडणी सुरू झाली ती टेलिप्रिंटरची होती, कारण घाईत बोललेल्या वाक्याचा अनर्थ होण्यापेक्षा लिहिलेला, भाषांतरित करता येणारा मजकूर बरा, असा त्यामागे विचार होता.

या तपशिलांकडे पाहिले म्हणजे पहिल्या प्रवाहाची उणीव कळते. क्षेपणास्त्राच्या तळघरात एका माणसाला काहीच करता येऊ नये म्हणून दोघांनी एकाच वेळी किल्ल्या फिरवण्याचा नियम आहे, विमानात आहे, पाणबुडीतही आहे. फक्त साखळीच्या सर्वांत वरच्या कडीला तो लागू नाही. अमेरिकेत निर्णय राष्ट्राध्यक्षाचा एकट्याचा असतो आणि त्याला संसदेची किंवा मंत्रिमंडळाची संमती लागत नाही. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला पोचायला सुमारे अर्धा तास लागतो हे धरले, तर इशाऱ्याची खातरजमा वगैरे झाल्यावर विचार करायला त्याच्याजवळ काही मिनिटेच उरतात. ही मिनिटे वेड्याला जेवढी अपुरी आहेत, तेवढीच शहाण्यालाही अपुरी आहेत.

एकविसाव्या शतकात पहिल्या प्रवाहाचा कळस झाला तो २०१७ आणि २०१८ मध्ये, आणि तो कोणा कलावंताच्या हातून झाला नाही. डॉनल्ड ट्रम्प यांनी ऑगस्टमध्ये उत्तर कोरियाला जगाने पाहिली नसेल अशा आगीची धमकी दिली, सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून किम जोंग उन यांना 'रॉकेट मॅन' म्हटले, त्याला किम यांनी ट्रम्प यांना म्हातारचळ लागल्याचे सांगणाऱ्या एका जुनाट इंग्रजी शब्दाने उत्तर दिले, आणि २ जानेवारी २०१८ रोजी ट्रम्प यांनी जाहीर केले, की आपली कळ किम यांच्या टेबलावरच्या कळीपेक्षा मोठी आहे. बाहुल्यांच्या खेळातली कळ येथे राष्ट्रप्रमुखांच्या तोंडी आली. किम यांच्यावरचा 'द इंटरव्ह्यू' हा चित्रपट २०१४ मध्ये निघाला तेव्हा सोनी कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला होता आणि अमेरिकेने त्याचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला होता, परंतु या दोन नेत्यांच्या जुगलबंदीपुढे तो चित्रपट फिका पडतो. त्या जुगलबंदीवर जगभरच्या विनोदी कार्यक्रमांची महिनोन्‌महिने गुजराण झाली. कळीच्या बढाईनंतर अकराव्या दिवशी, १३ जानेवारीला सकाळी, हवाई बेटांवरील लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा आणि हा सराव नसल्याचा संदेश झळकला. तो खोटा असल्याचे मोबाइलवर कळवायला ३८ मिनिटे लागली, आणि राज्यपालांना खुलासा करायचा होता तर त्यांना आपल्या ट्विटर खात्याचा पासवर्ड ठाऊक नव्हता. दोन नेत्यांच्या शब्दयुद्धावर जेवढे हसून झाले त्याच्या शतांशही या ३८ मिनिटांवर झाले नाही, ही उपहासकारांची चूक म्हणावी लागेल.

भारतीय उपखंडाच्या संदर्भात हा विषय मराठी वाचकाच्या घरापर्यंत येतो, कारण १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियम मुंबईत, तुर्भ्याच्या 'सायरस' अणुभट्टीतून आले होते. तो स्फोट अधिकृत भाषेत शांततामय होता आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव हसऱ्या बुद्धाशी जोडले गेले. पुढे ११ मे १९९८ ची चाचणी तर बुद्धपौर्णिमेलाच झाली. करुणेचा अवतार मानलेल्या महापुरुषाचे नाव अशा ठिकाणी यावे, हा अभिनवगुप्ताच्या अर्थाने शांतरसाचा आभास होय, पण त्यावर हसणारे त्या दिवसांत फार थोडे निघाले. भारताने चाचण्या केल्यावर २८ मे रोजी पाकिस्तानने चगाई येथे त्यांना उत्तर दिले, तिकडच्या शहरांत चौकाचौकांत चगाईच्या डोंगराच्या आणि क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या, इकडे मिठाई वाटली गेली. या काळाचा सर्वांत टोकदार दस्तऐवज मुंबईचे आनंद पटवर्धन यांचा 'जंग और अमन' हा २००२ मधील माहितीपट आहे. त्यात निवेदकाला फारसे बोलावे लागत नाही, कारण उत्सवातल्या घोषणा आणि चाचणीच्या परिसरातल्या गावकऱ्यांच्या तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या, की उपहास आपोआप तयार होतो. परीक्षण मंडळाने त्याला अनेक काटछाटी सुचवल्या, आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने तो अखंड प्रदर्शित होण्याची वाट मोकळी झाली.

राजकीय भाषणांनी या भूभागात उपहासकाराला बेकार केले आहे, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही. पाकिस्तानचे तत्कालीन रेल्वेमंत्री शेख रशीद यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या देशाकडे पाव पाव, अर्धा पाव वजनाचे अणुबॉम्ब असल्याचे सांगितले, जणू बाजारात मिठाई तोलली जात आहे. छोट्या पल्ल्याच्या रणांगणी अण्वस्त्रांविषयीचे एक भयंकर धोरण त्यातून सुचवले जात होते, हे हसण्याच्या भरात बाजूला पडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, निवडणुकीच्या प्रचारात, बाडमेरच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, भारताने अण्वस्त्रे काय दिवाळीसाठी ठेवली आहेत, असा सवाल करून टाळ्या मिळवल्या. दोन्ही वाक्यांवरून समाजमाध्यमांत भरपूर खिल्ली उडाली, पण ती व्यक्तींची. ९ मार्च २०२२ रोजी मात्र भारताचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र, सुदैवाने स्फोटकाविना, नियमित देखभाल चालू असताना चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. संरक्षण मंत्रालयाने दोन दिवसांनी तांत्रिक बिघाडाचे कारण देऊन खेद व्यक्त केला आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. कुब्रिकच्या पटकथेत शोभावा असा हा प्रसंग दोन्ही बाजूंच्या विनोदकारांनी जवळजवळ वाया घालवला. त्यात शिवी देण्याजोगा कोणी पुढारी सापडत नव्हता, हे त्याचे कारण असावे.

अलीकडे कार्यपद्धतीकडे पुन्हा लक्ष वळू लागल्याची काही चिन्हे दिसतात. कॅथरीन बिगेलो यांच्या २०२५ मधील 'अ हाउस ऑफ डायनामाइट' या चित्रपटात एकच क्षेपणास्त्र येत असल्याची मोजकी मिनिटे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून पुन्हा पुन्हा दाखवली आहेत. त्यातला राष्ट्राध्यक्ष सभ्य आणि गोंधळलेला आहे, आणि त्याच्यासमोर पर्यायांची वही उघडली जाते तेव्हा प्रेक्षकाच्या ओठांवर आलेले हसू तिथेच थिजते. तो प्रहसन नाही आणि तसा दावाही करीत नाही, पण ज्या जागी हसू फुटते ती जागा स्ट्रेंजलव्हचीच आहे.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील एका रिवाजाकडे मात्र उपहासकारांचे अजून फारसे लक्ष गेलेले नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात झालेल्या करारानुसार दोन्ही देशांनी परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असे ठरले, आणि तो पाळता यावा म्हणून १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद येथे एकाच वेळी, नववर्षाच्या शुभेच्छापत्रांसारख्या, अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती दिल्या जातात. कारगिलच्या वर्षानंतर त्या दिल्या गेल्या, २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनी दिल्या गेल्या, आणि मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रे व ड्रोन एकमेकांवर डागून झाल्यावर पुढच्या १ जानेवारीलाही ठरल्या वेळी दिल्या गेल्या. त्याच दिवशी आणखी एक यादी दिली-घेतली जाते, ती एकमेकांच्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांची आणि मासेमारांची. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले आणि सागरी हद्द ओलांडल्यावरून पकडले गेलेले पालघर जिल्ह्यातले तरुणही त्या यादीत असतात, आणि आपल्या माणसाचे नाव तीत आहे की नाही, याची डहाणू-तलासरीकडची घरे त्या दिवशी चौकशी करतात.